बायकांची वेळ बारा ते तीन

गावच्या शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर कधी धावताना कोणी पाहिले नव्हते. त्या दिवशी मात्र धोतराचा सोगा हातात धरून, चपला फटफटवत ते आमच्या मळ्याच्या बांधावरून पळत आले. आम्ही सगळे वांगी तोडत होतो.

"लागलं! बुलढाण्याला लागलं!" ते लांबूनच ओरडले.

मोठ्या काकांनी हातातली टोपली खाली टाकली. "काय लागलं? कोणाच्या घराले?"

"घराला नाही हो, भिंतीला! चित्र लागलं! तुमच्या भावाचं चित्र!"

भाऊ म्हणजे माझे बाबा. ते मोटेजवळ होते. आपलं काहीतरी चुकलं असं वाटून ते तिथंच उभे राहिले. मास्तरांनी खिशातून कागद काढला, दम खाल्ला आणि वाचून दाखवला. जिल्ह्याच्या गावी, कचेरीजवळ, लोकांसाठी एक नवा हॉल बांधला होता. त्यात चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं, आठ दिवस, आणि मास्तरांनी पाठवलेलं चित्र त्यात निवडलं गेलं होतं.

आमचा मळा देऊळगाव राजाच्या बाहेर, जालन्याच्या वाटेवर होता. जालना म्हणजे मोगलाई, निजामाचा मुलूख. आम्ही वऱ्हाडातले, आमचा कारभार नागपूरहून चालायचा. पण आमच्या वांग्या-मिरच्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्या दोन्हीकडच्या बाजारात जात. लढाईचे दिवस होते. मी नऊ वर्षांची होते आणि माझा धाकटा भाऊ दीड वर्षाचा.

चित्राचं म्हणाल तर, मागच्या उन्हाळ्यात मास्तर तीन रविवार मळ्यात येऊन बसले होते. तिकाटणं, फळी, रंगांची पेटी असा सगळा संसार घेऊन. आधी त्यांनी विहीर काढली, मग निंब काढला, मग बाबांना म्हणाले, "आता तुम्ही बसा."

"मी? मी काय राजा हाय का काढायले?"

"राजे पुष्कळ काढून झालेत," मास्तर म्हणाले.

बाबा बसले खरे, पण पाहुण्याच्या घरी जेवायला बसल्यासारखे ताठ. मास्तर नुसते थांबून राहिले. अर्ध्या तासानं बाबांना कंटाळा आला, पाठ वाकली, फेटा ढिला झाला, हातात मोटेचा नाडा तसाच राहिला आणि ते शेजारी उभ्या असलेल्या डाव्या बैलाकडे पाहायला लागले. तेव्हा मास्तरांनी कुंचला उचलला.

हे सगळं मी पाहिलं होतं. मायनं पाहिलं नव्हतं. परका माणूस मळ्यात आला की ती पलीकडच्या वाफ्यात जायची, आणि चित्र पुरं झालं तेव्हा मास्तर ते कापडात गुंडाळून घेऊन गेले होते.

मोठे काका आमच्या घरातले कर्ते. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि बाबांना म्हणाले, "जा तू. एक दिवस जाऊन पाहून ये. मोट मी पाहतो."

तेवढ्यात वांग्यांच्या ओळींमधून आवाज आला, "मीबी येते."

ती माय होती. डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत ओढलेला, तोंड आमच्याकडे नाही, वांग्यांकडे. बारा वर्षांच्या संसारात ती मोठ्या काकांसमोर एक शब्द बोलली नव्हती. काकांनीही तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी निंबाच्या शेंड्याकडे पाहिलं.

"बायामाणसाइचं काय काम तिथं?" ते निंबाला म्हणाले.

"बायकांसाठी वेगळी वेळ ठेवली आहे," मास्तर घाईनं म्हणाले. "लेकरांसाठी खोलीसुद्धा आहे. पाळणे आहेत."

"पाळणे हायेत," माय वांग्यांना म्हणाली.

काकांनी कागद मास्तरांना परत दिला. मग म्हणाले, "मंग पोरालेबी न्या. इथं कोण सांभाळीन त्याले?"

मी टोपली फेकून नाचायलाच लागले. मला न्यायचं की नाही हे कोणी बोललंच नव्हतं, पण पोराला घ्यायला कोणीतरी लागणारच होतं, आणि ती मीच, हे मला तिथल्या तिथं कळलं होतं.

घरी आल्यावर मायनं मला चुलीजवळ बसवलं. ती बाबांशी चारचौघांत कधी थेट बोलत नसे. मध्ये मी असायची. बाबा दोन हातांवर पाटावर बसले होते, तरी ती मला म्हणाली, "तुह्या बाबाले इचार, चित्रात कपडे कोणते होते?"

मी विचारलं.

"कपडे?" बाबा म्हणाले. "होते ते होते. मोटेवर असतो तेच."

मायच्या हातातली भाकरी थांबली. "तो फाटक्या बाहीचा सदरा? पेटीत धुतेला, इस्तरीचा सदरा असतानी? साऱ्या जिल्ह्यासमोर?"

हे तिनं मला सांगितलं नाही. सरळ त्यांनाच म्हणाली. बाबांनी मान खाली घातली आणि दोन घास जास्तच खाल्ले.

मोटार पहाटे निघायची. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या मागं एक लोखंडी पिंप बसवलं होतं आणि त्यात कोळसे जाळून गाडी चालायची. निघायच्या आधी क्लीनर तासभर त्या पिंपाचा पंखा फिरवत बसायचा. मी मोटारीत प्रथमच बसत होते. सीट तापली, धूर आत आला, माझे डोळे चुरचुरले, तरी मी खिडकीचा गज सोडला नाही. झाडं मागं पळत होती. माय बायकांच्या बाकावर बसली होती, भाऊ मांडीवर, आणि तिनं पदराआडून एकेक गाव विचारून घेतलं. चिखलीच्या अलीकडे चढ आला तेव्हा गाडी धापा टाकून थांबली. पुरुषमाणसं उतरली आणि ढकलायला लागली. बाबा सगळ्यांत पुढं होते. गाडी चढून गेल्यावर ते पळत येऊन दारात लटकले, तेव्हा त्यांच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं हसू होतं. शाळेतल्या मुलासारखं.

बुलढाण्याची हवा थंड होती. आमच्याकडं ऊन कडकडीत आणि इथं अंगावर वारा. चौकात उतरून बाबांनी तिघांना वाट विचारली, आणि आम्ही कचेरीच्या बाजूला निघालो. हॉल लांबूनच दिसला. पांढरा चुना दिलेला, समोर रुंद पायऱ्या, आणि पायऱ्यांवर चक्क कुंड्या. डाव्या अंगाला वाचनाची खोली होती. दारातून वर्तमानपत्रांमागं लपलेली माणसं दिसत होती. आत जायला तिकीट नव्हतं. मला हे खरंच वाटेना. इतकं मोठं घर, आणि कोणीही आत जावं?

पण दारावरच्या माणसानं हात आडवा केला. अंगात खाकी कोट, मिशा पांढऱ्या.

"बायकांची वेळ आहे. पुरुषांनी तीननंतर यावं."

बाबा म्हणाले, "आम्ही संगंच आलो. घरचेच हावोत."

"घरचे असा नाहीतर दारचे. पाटी वाचा."

बाबांना थोडं वाचता येत होतं, अक्षर-अक्षर जुळवून. त्यांनी पाटीवर बोट न टेकवता बोट फिरवलं आणि मोठ्यानं वाचलं, "स्त्रिया, बारा ते तीन. पुरुष, तीन ते साडेपाच. सह... कु... टुं... ब... साडेपाच ते सात."

"सहकुटुंब काय असते?" मी विचारलं.

"आपण," बाबा म्हणाले. मग त्यांनी तोंड वाकडं केलं. "पण परतीची मोटार पाचले हाय."

आम्ही चौघं पायऱ्यांवर तसेच उभे राहिलो. पण मी तिचा पदर धरला होता आणि तो ओढला जात होता. ती दाराकडे सरकत होती.

"जा मंग तुम्ही," बाबा मला म्हणाले. "मी बसतो झाडाखाली. तुह्या मायले सांग, घाई करू नको म्हणा."

आत शिरल्यावर आधी लेकरांची खोली लागली. खाली जाजम, कोपऱ्यात पाण्याचे रांजण, आणि आढ्याला दोरीनं बांधलेले चार पाळणे. एका भिंतीला खालून कमरेएवढ्या उंचीपर्यंत काळा रंग दिला होता आणि सात-आठ पोरं खडूनं तिच्यावर काहीबाही काढत होती, आणि त्यांना कोणी मारत नव्हतं. मी तोंड उघडंच टाकून पाहत राहिले. आमच्या घरी भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढली होती, तर दोन दिवस बोलणी खाल्ली होती.

एक जाडसर, हसऱ्या बाई पुढं आल्या. त्या कोणा वकिलाच्या पत्नी होत्या आणि येणाऱ्या बायकांना चित्रं दाखवायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. त्यांचं नाव मला कळलं नाही, म्हणून त्यांना मी वकिलीणबाईच म्हणते.

"बाळाला इथं ठेवा," त्या म्हणाल्या. "ही आजीबाई आहे ना, ती पाळणा हलवते."

मायनं भावाला घट्ट धरलं. पाळण्याकडं पाहिलं, म्हाताऱ्या बाईकडं पाहिलं, मग आतल्या दालनाच्या दाराकडं पाहिलं. आणि पोरगं पाळण्यात टाकलं. ते रडलंसुद्धा नाही. लगेच पायाचा अंगठा धरून खेळायला लागलं.

दालन लांबलचक होतं. वरच्या झरोक्यांतून ऊन येत होतं आणि दोन्ही भिंतींना चित्रं. एक साहेब घोड्यावर. एक देवी कमळात. एक काचेचा पेला, त्यात फुलं. अशी की मी हात लावायला गेले आणि वकिलीणबाईंनी हळूच माझा हात खाली घेतला. बायका घोळक्याघोळक्यानं फिरत होत्या, नऊवारी लुगड्यांचा नुसता सरसराट. कोणी देवीला नमस्कार करत होत्या. सगळ्या मोठ्यानं बोलत होत्या. बायका इतक्या मोठ्यानं बोलू शकतात, हे मी घरात किंवा देवळात कधी ऐकलं नव्हतं.

माय कुठल्याच चित्राशी थांबली नाही. साहेब नको, देवी नको. मी मागं पळत होते. आणि मग ती एकदम थांबली, मी तिच्या पाठीवर आपटले.

बाबा.

मास्तरांनी त्यांना मोठे काढले होते, खऱ्याएवढे नाही, पण जवळजवळ. विहिरीच्या कडेच्या दगडावर बसलेले, फेटा मागं सरकलेला, नाडा मांडीवरून खाली गेलेला. शेजारी डावा बैल, त्याची मान त्यांच्या खांद्याजवळ. उन्हाची एक तिरीप गालावर. फाटकी बाही होती. अगदी धाग्यासकट होती.

मी मायकडं पाहिलं. मला वाटलं आता ती बाहीचं काहीतरी बोलेल. तिनं पदर मागं सारला, पूर्ण मागं, केस दिसेपर्यंत, आणि पाहत राहिली. तेव्हा मला कळलं नव्हतं, आता कळतं. आमच्या घरात दिवसभर कोणी ना कोणी मोठं माणूस असायचं. सून म्हणून तिची नजर जमिनीवर. नवऱ्याच्या तोंडाकडं असं, दिवसाउजेडी, पाहिजे तितका वेळ, कोणाची भीड न ठेवता पाहायला तिला बारा वर्षांत मिळालंच नव्हतं. ती जवळ गेली. लांब गेली. डाव्या बाजूनं पाहिलं, उजव्या बाजूनं पाहिलं.

"भुवईवर वण हाय," ती माझ्याशी नाही, स्वतःशीच म्हणाली.

मागं चार-पाच बायका जमल्या. "कोण आहे हो हा बाबा?" एकीनं विचारलं. "किती जिवंत काढलाय!"

"आमच्या घरचे हायेत," माय म्हणाली.

एकदम गलका झाला. "तुमचे मालक? खरंच?" पलीकडच्या बायका धावत आल्या. देवीपुढची गर्दी मोडली. सगळ्या एकदा चित्राकडं पाहायच्या आणि एकदा मायकडं, जणू तिचंही चित्र कुठंतरी टांगलं असेल. मला इतका आनंद झाला की मी उगाचच, "अन् मी त्यांची पोरगी," असं तिघींना सांगून टाकलं.

वकिलीणबाईंनी चित्राखालचा कागद वाचला. "माळी, देऊळगाव राजा."

मायनं विचारलं, "अजून?"

"एवढंच आहे."

"नाव?"

"नाव नाही लिहिलेलं."

मायचा चेहरा बदलला. "त्या घोडेवाल्या साहेबाखाली नाव हाय का?"

वकिलीणबाई जाऊन पाहून आल्या. "आहे."

"मंग यांचं काऊन नाई? गावात माळी लय हायेत. हे एकच हायेत."

वकिलीणबाई क्षणभर तिच्याकडं पाहत राहिल्या. मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून पेन्सिल काढली. "बरोबर आहे. सांगा, मी लिहिते. काय नाव?"

आणि माय गप्प.

नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं! तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्या सगळ्या बायकांनी एकच गिल्ला केला. "पोरीनं नाही सांगायचं! नाव घ्या, बाई, नाव घ्या! उखाण्यात घ्या!"

"हळदीकुंकू हाय का इथं?" माय म्हणाली, पण हसू तिच्या ओठांवर आलं होतं.

"आहे असं समजा!" वकिलीणबाईंनी पेन्सिल वर धरली. "घेतल्याशिवाय मी लिहीत नाही."

मायनं चित्राकडं तोंड केलं. चित्राकडंच पाहत, थांबत थांबत ती म्हणाली,

"मोटेचं पाणी धावते पाटानं,
वांग्याले फूल आलं थाटानं,
बुलढाणं पाह्यलं मोटारीच्या वाटेनं..."

आणि पुढं बाबांचं नाव. मोठ्यानं, स्वच्छ, वडिलांच्या नावासकट. टाळ्यांचा कडकडाट झाला. दारावरचा पांढऱ्या मिशांचा माणूस डोकावला आणि घाबरून परत गेला. वकिलीणबाईंनी कागदावर 'माळी' या शब्दाच्या वर, गोल गोल अक्षरात, पूर्ण नाव लिहिलं. मायनं मला ते तीन वेळा वाचायला लावलं. शब्द नीट आहे ना, काना-मात्रा सुटली नाही ना.

तीनची घंटा झाली तेव्हा आम्ही बाहेर आलो. मायनं पुन्हा पदर ओढला. बाबा झाडाखाली फेटा नीट बांधून बसले होते.

"कसं हाय?" त्यांनी मला विचारलं.

मायनं मला डोळ्यानं दटावलं. "तुमचं तुम्हीच पाहा म्हणा," ती म्हणाली.

लहान मुलींना पुरुषांच्या वेळेतही जायला मनाई नव्हती. मी बाबांचं बोट धरून पुन्हा आत गेले. माय लेकरांच्या खोलीच्या ओसरीवर भावाला घेऊन बसली. आता दालनात वेगळाच आवाज होता, चपलांचा आणि खोकल्यांचा. मी बाबांना थेट चित्रासमोर नेलं आणि त्यांचं तोंड पाहायला वर मान केली.

त्यांनी स्वतःकडं पाहिलंच नाही. त्यांनी बैलाकडं पाहिलं.

डावा बैल पोळ्याच्या आधीच गेला होता. दोन दिवस बसला आणि उठलाच नाही. त्याच्या जागी दुसरा आणला होता, चांगला होता, पण बाबा त्याला अजून नवाच म्हणत. ते चित्राच्या जवळ गेले. "हे पाह्य," ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शिंगाची खोक. बरोब्बर तिथंच काढली मास्तरनं. अन् डोळा. असाच पाह्यचा तो, पाणी पाजाच्या आधी." त्यांचा हात माझ्या खांद्यावर जड झाला. शेजारचे दोन गृहस्थ चित्राकडून बाबांकडं पाहायला लागले आणि एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं, तरी बाबांचं लक्ष नव्हतं.

"खालचं वाचा," मी म्हटलं. मला दम धरवत नव्हता.

ते वाकले. अक्षरं जुळवली. आपलं नाव वाचलं आणि सरळ झाले. "हे कोणं लिवलं?"

"वकिलीणबाईनं."

"तिले कोणं सांगतलं?"

"मायनं."

"मायनं म्हंजे? तू सांगतलं असशीन."

"नाई. मायनं नाव घेतलं. साऱ्या बायांसमोर. वडलांच्या नावासंगं."

बाबांचा चेहरा फेट्यासारखा लाल झाला. त्यांनी मान वळवून दाराकडं पाहिलं, जणू ती दारात उभी आहे. मग पुन्हा कागदाकडं. "काय म्हणून घेतलं?" त्यांनी हळूच विचारलं. मी सगळा उखाणा म्हणून दाखवला. त्यांनी मला तो परत म्हणायला लावला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा चार वाजून गेले होते. मास्तर पायऱ्यांवरच भेटले. इस्त्रीचा कोट, छातीला कागदी फूल. त्यांनी बाबांना मिठीच मारली.

ओसरीच्या खांबाआडून मायनं मला बोलावलं. "मास्तरले म्हण, चित्र चांगलं हाय. पण बाही तेवढी शिवून द्या."

मी निरोप दिला. मास्तर खो-खो हसले. "आता रंगात सुई कशी घालू, वहिनी?"

"रंगानं फाडली तं रंगानं शिवता येत नाई?" माय खांबामागून म्हणाली.

मास्तरांचं हसू थांबलं. ते विचारात पडले. "येईल," ते म्हणाले. "पण मग ती दुपार राहणार नाही." मायनं पुढं हा विषय काढला नाही.

मोटारीची वेळ होत आली होती. बाबांनी शिदोरीची पिशवी उचलली, भावाला खांद्यावर घेतलं, आम्ही चौकाकडं चाललो. मोटार उभी होती, मागच्या पिंपातून धूर निघत होता. क्लीनर "देऊळगाव, देऊळगाव" ओरडत होता. माय बायकांच्या दारापाशी गेली, एक पाय वर ठेवला.

"थांब," बाबा म्हणाले.

मला नाही. तिला. भर चौकात.

ती पाय वर ठेवूनच थांबली.

"सात वाजेपर्यंत सहकुटुंब हाय," बाबा म्हणाले.

"अन् मोटार?"

"सकाळी दुसरी हाय."

"अन् मोट? भाऊजी एकटेच?"

बाबा एका जागी उभे राहून विचार करत होते. ते घड्याळासारखे वागणारे गृहस्थ. पाणी द्यायची वेळ त्यांनी आजारपणातही चुकवली नव्हती. क्लीनरनं मोटारीच्या पत्र्यावर थाप मारली. "येता का राह्यता?"

"राह्यतो," बाबा म्हणाले. "राह्यतो बे. जाऊ दे."

आणि मोटार गेली! मी तिच्यामागं पाहत राहिले, धूर उडवत ती कोपऱ्यावर वळली. आमच्या घरातलं कोणी अशी ठरलेली गाडी सोडेल, असं कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. बाबा आणि माय दोघंही एकमेकांकडं न पाहता हसत होते. धर्मशाळेत जागा मिळते असं मास्तरांनी मघाशी सांगितलं होतं, आणि आम्ही जवळजवळ पळतच हॉलकडं परतलो.

साडेपाचला दारावरच्या मिशीवाल्यानं बाबांना ओळखलं. "आता कसं," म्हणाला आणि बाजूला झाला.

सहकुटुंबाची वेळ म्हणजे नुसती जत्रा होती. लेकरं खांद्यावर, आज्या काठ्या टेकत, नवरे पुढं, बायका मागं. दिवे लावले होते, मोठे, काचेचे, आणि दुपारी पाहिलेली सगळी चित्रं वेगळीच दिसत होती. पेल्यातली फुलं पिवळी होती ती सोनेरी झाली. बाबा पुढं, मध्ये मी, मागं माय. आमच्या चित्रापाशी लोक होतेच. कोणीतरी म्हणालं, "अरे, हेच ते!" आणि लोकांनी वाट करून दिली. बाबांना कुठं पाहावं कळेना. वकिलीणबाई दुपारच्या दोघी-तिघींना आणि त्यांच्या नवऱ्यांना घेऊन आल्या. "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?"

मला वाटलं माय आता लाजून मागं जाईल. ती पुढं आली. बाबांच्या शेजारी, खांद्याला खांदा लागत नव्हता एवढ्यावर, उभी राहिली. पदर होता, पण कपाळापर्यंतच.

"तो वण," ती म्हणाली. सरळ बाबांना. "भुवईवरचा. कशाचा हाय?"

"हा?" बाबांनी बोट लावून पाहिलं. "लहानपणी नाडा तुटला होता. टोक लागलं."

"मले माहीत नव्हतं."

"कधी इचारलंच नाई तू."

"कवा इचारू?" ती म्हणाली.

यावर बाबांनी तिच्याकडं पाहिलं. सगळ्यांसमोर. मग ते तिला बैलाची शिंगं दाखवायला लागले, आणि ती मान हलवत ऐकत होती, आणि मग ती त्यांना पेल्यातल्या फुलांकडं घेऊन गेली, कारण दुपारी घाईत तिनं तीही सोडली होती. दोघं साऱ्या दालनातून चित्र-चित्र पाहत फिरले. मी आणि भाऊ मागं राहिलो. मी त्याला काळ्या भिंतीपाशी नेलं, त्याच्या मुठीत खडू दिला, आणि त्यानं भिंतीला एक लांब पांढरी रेघ ओढून तो खडू खाल्ला.

पंधरा दिवसांनी मास्तर पुन्हा मळ्यात आले. चित्र आता नागपूरला, प्रांताच्या प्रदर्शनाला जाणार होतं. माय ओळींमधून म्हणाली, "एकटेच जाणार का?" ती चित्रातल्या बाबांबद्दल विचारते आहे, हे मास्तरांना आधी कळलंच नाही. चित्र काही परत आलं नाही. तिकडेच कोणीतरी विकत घेतलं आणि मास्तरांची बदली झाली. बाबांचा फोटो आमच्याकडं एकही नाही.

पुढच्या वर्षी बुलढाण्याला पुन्हा प्रदर्शन भरलं. मायनं मोटार ठरवली नाही. तिनं शेजारच्या मळ्यांतल्या बायका गोळा केल्या, तीन छकडी जुंपली, दोन मुक्कामांची शिदोरी बांधली. नऊ बायका, सात लेकरं. मोठे काका निंबाकडं पाहत राहिले, पण बैल त्यांनीच दिले. दालनात शिरल्यावर माय सगळ्यांच्या पुढं होती. "हात लावू नका. गर्दी करू नका. आधी जवळून पाह्या, मंग लांबून."

एका चित्रात नुसतं आभाळ होतं आणि खाली एक पिवळं शेत. तिथं ती सगळ्यात जास्त वेळ थांबली.

"यात तुमचं कोण हाय?" एका बाईनं विचारलं.

"कोणी नाई," माय म्हणाली. "तरी पाह्य ना. ढग पाह्य कसा उतरून राह्यला."